जगप्रदक्षिणेचं स्वप्न: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"एकदा अख्खं जग फिरून यायचंय" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यातले बरेच जण एखाद्या रविवारी नकाशा उघडतात, तीस-चाळीस ठिकाणांवर खुणा करतात, दिवसांची आणि पैशांची बेरीज मांडतात आणि नकाशा मिटून टाकतात. खालचे प्रश्न अशाच मंडळींचे आहेत. उत्तरांत माझी मतं भरपूर आहेत, ती पटलीच पाहिजेत असं नाही. व्हिसाचे आणि लसींचे नियम मात्र निघण्याआधी त्या त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर पुन्हा तपासा, कारण ते न सांगता बदलतात.

किती फिरलं म्हणजे "जग फिरलो" असं म्हणता येतं?

विषुववृत्तावर पृथ्वीचा घेर ४०,०७५ किलोमीटर आहे. पण दक्षिण ध्रुवाच्या खांबाभोवती चार पावलं चाललात तरी सगळी रेखावृत्तं ओलांडून होतात! असल्या पळवाटा बंद करण्यासाठी विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या संस्थांनी नियम केले. विमानासाठी अट अशी की अंतर निदान कर्कवृत्ताच्या लांबीइतकं, म्हणजे सुमारे ३६,७८८ किलोमीटर भरलं पाहिजे, सगळी रेखावृत्तं ओलांडली पाहिजेत आणि उड्डाण केलं त्याच विमानतळावर उतरलं पाहिजे. शिडाच्या बोटीला किमान २१,६०० सागरी मैल आणि विषुववृत्त ओलांडणं बंधनकारक. सायकलस्वाराला प्रत्यक्ष पायडल मारून सुमारे २९,००० किलोमीटर कापावे लागतात, मधले समुद्र विमानानं किंवा बोटीनं ओलांडले तरी चालतात. मार्क ब्यूमाँटनं २०१७ मध्ये हे ७९ दिवसांच्या आत केलं. जेसन लुईस याच्या उलट टोकाचा. सायकल, स्केट्स, पायडलबोट, जे काही अंगच्या ताकदीवर चालतं तेवढंच वापरून तो १९९४ मध्ये निघाला आणि २००७ मध्ये परतला.

तुम्हाला विक्रम करायचा नाही. तुमच्यापुरतं इतकं पुरे: एकाच दिशेनं जायचं, अटलांटिक आणि पॅसिफिक दोन्ही ओलांडायचे आणि निघालो तिथे परत यायचं.

म्हणजे सगळे देश पाहायचे नाहीत?

नाही, ते वेगळंच वेड आहे. संयुक्त राष्ट्रांचे सदस्य देश १९३. डेन्मार्कचा टॉर्बियन पेडरसन विमानात पाऊल न ठेवता सगळे देश पाहायला २०१३ मध्ये निघाला. थोडक्या वर्षांत परत येऊ असा त्याचा हिशोब होता. मध्ये महासाथ आली, तो हाँगकाँगमध्ये अडकला आणि शेवटच्या देशात, मालदीवमध्ये, पोहोचला तेव्हा २०२३ साल उजाडलं होतं.

प्रदक्षिणेला एक वर्तुळ लागतं, यादी नव्हे. ही दोन स्वप्नं एकमेकांत मिसळली की दोन्ही बिनसतात. नकाशावरच्या चाळीस खुणांमधल्या तीस आधी पुसा, मग उरलेल्यांबद्दल बोलू. काय पाहायचं हे ठरवायला कोणालाही मदत लागत नाही. काय सोडायचं, हे ठरवताना माणसं महिनोन्‌महिने घुटमळतात आणि बहुतेक बेत तिथेच मरतात.

सगळ्यात आधी कोणी केली?

शाळेत मॅगेलन शिकवतात. तो १५१९ च्या सप्टेंबरमध्ये पाच जहाजं घेऊन स्पेनहून निघाला खरा, पण २७ एप्रिल १५२१ रोजी फिलिपिन्समधल्या मॅक्टन बेटावरच्या लढाईत मारला गेला. वर्तुळ पूर्ण केलं ते ह्वान सेबास्तियन एल्कानोच्या हाताखाली. ६ सप्टेंबर १५२२ रोजी "व्हिक्टोरिया" नावाचं एकच जहाज परतलं. निघताना अडीचशेच्या आसपास माणसं होती, त्या जहाजावर अठरा उरली होती. जगप्रदक्षिणा करणारी पहिली ज्ञात स्त्री म्हणजे झान बारे. ती १७६६ मध्ये पुरुषाच्या वेशात, वनस्पतिशास्त्रज्ञाचा मदतनीस म्हणून फ्रेंच मोहिमेत शिरली. आणि एकट्यानं शिडाच्या बोटीतून पहिली प्रदक्षिणा जोशुआ स्लोकमची, १८९५ ते १८९८. या माणसाला पोहता येत नव्हतं.

किती वेळ लागतो?

वेगाचंच म्हणाल तर १९९५ मध्ये आवाजाहून वेगानं उडणारं एक काँकॉर्ड विमान इंधनाचे थांबे धरून साडेएकतीस तासांत पृथ्वीला वळसा घालून आलं. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक दर दीड तासाला एक फेरी मारतं. म्हणजे प्रश्न अंतराचा नाही, थांबण्याचा आहे.

माझा आडाखा असा. एका ठिकाणाहून दुसऱ्या खंडात जाताना एक अख्खा दिवस प्रवासात जातो आणि पुढचे दोन-तीन दिवस झोप जागेवर यायला लागतात. त्यामुळे सहा आठवड्यांच्या सुट्टीत पाचापेक्षा जास्त मुक्काम ठेवले तर तुम्ही प्रामुख्यानं विमानतळच पाहता. तीन महिन्यांत सहा-सात मुक्काम निवांत होतात. सहा महिने ते वर्ष मिळत असेल तर दर महिन्याला एक प्रदेश धरावा. देश नाही, प्रदेश. मध्य आशिया, अँडीज, पूर्व आफ्रिका, असे.

नोकरीतून वर्षाची रजा मिळत नाही म्हणून स्वप्न बाजूला ठेवणाऱ्यांना एवढंच सांगेन की सहा आठवड्यांची प्रदक्षिणासुद्धा प्रदक्षिणाच असते. तुकड्यातुकड्यांनी, एकेका वर्षी एकेक खंड करत गेलात तरी हरकत नाही. फक्त त्यात वर्तुळाची गंमत उरत नाही.

पूर्वेकडे निघावं की पश्चिमेकडे?

हा प्रश्न लोक शेवटी विचारतात, खरं तर पहिला विचारायला हवा.

शरीराच्या बाजूनं पाहिलं तर पश्चिम बरी. आपल्या आतलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित सैल चालतं. त्यामुळे दिवस लांबला तर शरीर तो सहज पचवतं. पश्चिमेकडे जाताना तेच होतं, रात्री थोडं उशिरापर्यंत जागायचं एवढंच. पूर्वेकडे जाताना झोप आलेली नसताना झोपावं लागतं आणि ते हुकमी कोणालाच जमत नाही. सात-आठ तासांचा फरक पूर्वेकडे पडला की निम्मा आठवडा पहाटे तीन वाजता छताकडे बघण्यात जातो. वाऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर उलट. वरच्या थरातले वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून पूर्वेकडची उड्डाणं थोडी लवकर पोहोचतात. माझा कौल पश्चिमेला. ऋतू जुळत नसतील तर मात्र झोपेचा त्रास पत्करून पूर्वेकडे जावं.

प्रदक्षिणेत एक दिवस हरवतो किंवा मिळतो म्हणतात, ते खरं का?

खरं. "व्हिक्टोरिया"वरच्या लोकांना ते सगळ्यात आधी कळलं. परतताना अन्न घ्यायला ते आफ्रिकेजवळच्या केप व्हर्दे बेटांवर थांबले, तेव्हा जहाजावरच्या नोंदीनुसार बुधवार होता आणि किनाऱ्यावर गुरुवार. जहाजावरचा अँतोनिओ पिगाफेत्ता रोज न चुकता रोजनिशी लिहीत असे, त्यामुळे तो चक्रावून गेला. सूर्याच्या मागे मागे पश्चिमेकडे गेल्यानं त्यांचा प्रत्येक दिवस थोडा थोडा लांबला होता आणि तीन वर्षांत एक अख्खा दिवस असा विरघळला होता.

आता तो दिवस आंतरराष्ट्रीय वाररेषेवर एका झटक्यात जातो किंवा येतो. पश्चिमेकडे जाताना पॅसिफिकवर एक तारीख गळते, पूर्वेकडे जाताना तीच तारीख दोनदा येते. ऑकलंडहून १० तारखेला रात्री अकराच्या सुमारास निघालेलं विमान होनोलुलूला १० तारखेच्याच सकाळी उतरतं. म्हणजे तिथली खोली १० च्या रात्रीसाठी घ्यायची, ११ च्या नाही. उलट दिशेनं जाताना एका रात्रीचं भाडं उगाच भरलं जातं. बुकिंगच्या सगळ्या गोंधळांत हा सर्वांत जास्त वेळा होणारा, म्हणून पॅसिफिकच्या दोन्ही बाजूंच्या तारखा कागदावर हातानं लिहून काढा.

ही रेषा सरळही नाही आणि कायमचीही नाही. व्यापारासाठी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या तारखेशी जुळवून घ्यायचं म्हणून सामोआनं २०११ मध्ये ३० डिसेंबर हा दिवसच गाळला. गुरुवारी झोपलेली माणसं शनिवारी उठली. शेजारचं अमेरिकन सामोआ मात्र जुन्याच बाजूला राहिलं.

कोणत्या महिन्यात निघावं?

सगळीकडे चांगला ऋतू मिळेल असा महिना नसतो, पण सगळीकडे वाईट मिळेल असा बेत नकळत सहज होतो. आधी टाळायच्या गोष्टी लिहून घ्या. अटलांटिकमधला चक्रीवादळांचा मोसम जून ते नोव्हेंबर. दक्षिण पॅसिफिकचा साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाला, पॅटागोनियात, डिसेंबर ते मार्च सोडून गेलात तर बरीचशी ठिकाणं बंद. पेरूतली इंका ट्रेल ही प्रसिद्ध पायवाट दर फेब्रुवारीत देखभालीसाठी बंद असते. थायलंडच्या उत्तरेकडे फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत शेतं आणि रानं जाळल्याचा धूर इतका असतो की समोरचा डोंगर दिसत नाही.

मग काही ठिकाणं खुंटीसारखी पक्की करायची आणि बाकी सगळी त्यांच्याभोवती फिरवायची. एक उदाहरण: ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हिमालयातली पायपीट, कारण पावसाळा संपून हवा स्वच्छ झालेली असते. डिसेंबर-जानेवारीत आग्नेय आशिया, फेब्रुवारीत न्यूझीलंड, मार्चच्या सुरुवातीला थंडी पडायच्या आत पॅटागोनिया, तिथून अँडीजच्या कडेकडेनं उत्तरेला सरकत मे महिन्यात पेरू, जिथे तेव्हा कोरडा ऋतू लागतो. मग जूनमध्ये उत्तर गोलार्ध. हा मार्ग पूर्वेकडचा आहे, म्हणजे वर सांगितलेल्या माझ्या कौलाच्या विरुद्ध. ऋतूंनी हात पिरगाळला की असं होतं.

"राउंड द वर्ल्ड" तिकीट म्हणजे काय? घ्यावं का?

१९४७ मध्ये पॅन अ‍ॅम कंपनीनं पृथ्वीभोवती नियमित प्रवासी विमानसेवा सुरू केली. एकाच क्रमांकाचं उड्डाण, वाटेत उतरत, चढत जगभर जायचं. ती सेवा १९८२ मध्ये संपली. आता विमान कंपन्यांच्या आघाड्या अनेक उड्डाणं एकत्र बांधून एकच तिकीट देतात. अटी थोड्याफार सारख्याच: दिशा एकच, अटलांटिक आणि पॅसिफिक प्रत्येकी एकदाच, सुरुवात आणि शेवट एकाच देशात, सगळं वर्षभरात आटोपायचं. वनवर्ल्ड या आघाडीच्या तिकिटात जास्तीत जास्त सोळा टप्पे मिळतात, आणि मधला एखादा भाग तुम्ही बसनं गेलात तरी तोही एक टप्पा म्हणून मोजला जातो. ही ग्यानबाची मेख पुष्कळांना तिकीट काढल्यावर कळते.

घ्यावं का? तीन-चारच खंड, उत्तरेकडची मोठी शहरं, असा बेत असेल तर सुटी तिकिटं काढा, स्वस्त पडतील. दक्षिण अमेरिका, दक्षिण पॅसिफिकची बेटं, दक्षिण आफ्रिका असे लांबचे आणि महागडे पल्ले असतील तर एकत्र तिकीट परवडतं. एक विचित्र गोष्ट म्हणजे तेच वर्तुळ, तीच विमानं, पण सुरुवात कोणत्या देशातून करता यावर किंमत बरीच बदलते. शेजारच्या देशातून सुरू करून बघा. तारखा बदलणं सहसा सोपं असतं, मार्ग बदलायला पैसे पडतात. आणि एका टप्प्याचं विमान न कळवता सोडलंत तर पुढचे सगळे टप्पे रद्द होऊ शकतात. सुट्या तिकिटांत ही भीती नाही, पण पहिलं विमान उशिरा आल्यामुळे दुसरं चुकलं तर भुर्दंड तुमचाच.

विमानाशिवाय जमेल का?

जमेल, वेळ आणि सोशीकपणा असेल तर. जमिनीवरून युरोप ते आशिया हा मार्ग राजकारणानं वारंवार तुटतो. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, त्याच वर्षअखेर सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि लंडन-इस्तंबूलहून दक्षिण आशियाकडे येणारी तरुणांची बसवाट एका वर्षात बंद पडली. मग मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही ९,२८९ किलोमीटरची रेल्वे सगळ्यांचा आधार झाली. २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्ध सुरू झाल्यापासून तीही बहुतेकांच्या बेतातून गेली. कास्पियन समुद्र बोटीनं ओलांडून मध्य आशियात शिरायचं म्हटलं, तर अझरबैजाननं २०२० मध्ये जमिनीवरच्या सीमा प्रवाशांना बंद केल्या आणि अनेक वर्षं उघडल्या नाहीत. अमेरिका खंडातही अलास्का ते अर्जेंटिना असा सलग रस्ता नाही. पनामा आणि कोलंबिया यांच्यामध्ये डारिएनचं जंगल आणि दलदल आहे, तिथे शंभरेक किलोमीटर रस्ताच नाही. स्वतःची गाडी नेणारे ती कंटेनरात घालून बोटीनं पाठवतात. त्या गाडीसाठी अनेक देशांत "कार्ने" नावाचं सीमाशुल्काचं हमीपत्रही लागतं.

समुद्रासाठी तीन मार्ग. मालवाहू जहाजावर प्रवासी म्हणून जाता येत असे. बारापर्यंत प्रवासी असले तर डॉक्टर ठेवावा लागत नाही, म्हणून जागा तेवढ्याच. २०२० नंतर बऱ्याच कंपन्यांनी हे बंद केलं. दुसरा मार्ग क्रूझचा. क्युनार्ड कंपनीच्या "लॅकोनिया" जहाजानं १९२२-२३ मध्ये पहिली जगप्रदक्षिणेची सफर काढली, आजही अशा सफरी चार-पाच महिन्यांच्या असतात. मला स्वतःला त्यात राम वाटत नाही, बंदरात आठ तास आणि परत जेवणाच्या टेबलावर. पण गुडघे दुखत असतील तर याहून चांगली सोय नाही, आणि सामान एकदाच सोडायचं हे सुख मोठं. तिसरा मार्ग कोणाच्या तरी शिडाच्या बोटीवर खलाशी म्हणून चढायचा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये व्यापारी वारे पकडून पुष्कळ बोटी कॅनरी बेटांवरून कॅरिबियनकडे निघतात. कॅनरीतल्या लास पाल्मास बंदराच्या धक्क्यावर तेव्हा "माणूस हवा", "जागा हवी" अशा चिठ्ठ्या लागतात. अनुभव नसला तरी स्वयंपाक येत असेल आणि रात्रीचा पहारा करायची तयारी असेल तर काम होतं. कप्तानासोबत निदान एक दिवस किनाऱ्याजवळ फिरून मगच हो म्हणा. तीन आठवडे मध्ये उतरायची सोय नसते.

खर्च किती येतो?

आकडा सांगणारा माणूस एक तर काही विकतोय किंवा स्वतःचा खर्च तुमच्या गळ्यात बांधतोय. खर्च दोन गोष्टींवर ठरतो: कुठे आणि किती भरभर. पश्चिम युरोप, जपान, ऑस्ट्रेलिया, उत्तर अमेरिका इथल्या एका आठवड्यात जे जातं, त्यात आग्नेय आशियात किंवा बोलिव्हियात तीन-चार आठवडे आरामात निघतात. म्हणून महाग देशांत दिवस कमी, स्वस्त देशांत जास्त. आणि तीन दिवसांनी गाव बदलणाऱ्याचा खर्च तीन आठवड्यांनी बदलणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त होतो, कारण प्रवास, पहिल्या दिवशीची टॅक्सी, पहिल्या दिवशीचं महाग जेवण हे दर वेळी नव्यानं. महिन्याच्या भाड्यानं खोली घेतली तर दर बराच उतरतो. घर भाड्यानं देऊन निघणाऱ्यांचं गणित सर्वांत लवकर जुळतं.

एक बारीक गोष्ट. परक्या देशातल्या एटीएमवर शेवटी एक पडदा येतो: तुमच्याच चलनात रक्कम दाखवलेली, खाली "रूपांतर मान्य" असं मोठं, ठळक बटण आणि कोपऱ्यात फिक्या अक्षरांत "रूपांतराशिवाय पुढे". ते फिकं बटण दाबायचं. ठळक बटणाचा दर एटीएमवाल्याच्या मर्जीचा असतो. दुकानातल्या कार्डयंत्रावरही हेच, नेहमी तिथल्या चलनात पैसे द्यायचे.

व्हिसाचं कसं करायचं? सगळे आधीच काढून ठेवायचे?

काढता येत नाहीत, हाच तर पेच. युरोपातल्या अनेक देशांना मिळून एकच असलेल्या शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिन्यांहून आधी अर्जच घेत नाहीत. इतर अनेक व्हिसांना "या तारखेच्या आत प्रवेश करा" अशी अट असते. म्हणजे प्रवासाच्या आठव्या महिन्यात लागणारा व्हिसा निघायच्या आधी काढला तर तो पोहोचेपर्यंत मेलेला असतो. आणि वाटेत काढायला गेलं तर अनेक दूतावास म्हणतात, जिथले रहिवासी आहात तिथून अर्ज करा. तुमच्या पारपत्राला कोणते देश बिनव्हिसा किंवा ऑनलाइन परवान्यावर सोडतात, त्यावर हे सगळं ठरतं. ज्यांचं पारपत्र कमजोर त्यांनी असं करावं: अवघड व्हिसा लागणारे देश प्रवासाच्या पहिल्या सहा महिन्यांत घ्यावेत, सोपे शेवटी. मुदत लांब असलेला, बहुप्रवेशी व्हिसा मिळत असेल तर तोच मागावा.

शेंगेनमधले २९ देश मिळून कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. देश बदलला म्हणून मोजणी नव्यानं सुरू होत नाही. अमेरिकेत फक्त विमान बदलायचं असलं तरी प्रवेश-तपासणीतून जावं लागतं, म्हणून ज्यांना तिथला व्हिसा लागतो त्यांना तो दोन तासांच्या थांब्यासाठीही लागतो. पॅसिफिक ओलांडायचं तिकीट काढण्याआधी विमान कुठे थांबतं ते बघा. पारपत्राची मुदत प्रत्येक देशात शिरताना निदान सहा महिने उरलेली हवी असं धरून चाला, आणि कोरी पानं भरपूर ठेवा.

आणि खरी परीक्षा सीमेवर नसते, चेक-इनच्या खिडकीवर असते. तिथली बाई पारपत्र चाळते, पडद्यावर काहीतरी वाचते आणि विचारते, "तिथून पुढचं तिकीट?" तुम्ही सांगता की पुढे बसनं जायचं ठरवलंय, अजून काढलेलं नाही. ती मान हलवते आणि बॅगेला चिठ्ठी लावायची थांबते. तिचंही चुकत नाही. प्रवेश नाकारलेल्या माणसाला स्वखर्चानं परत आणायची जबाबदारी विमान कंपनीवर येते, म्हणून "टायमॅटिक" या देशोदेशीच्या प्रवेश-नियमांच्या यादीत लिहिलेलं असेल तसंच ती वागते. तेव्हा रद्द केल्यास पूर्ण पैसे परत मिळतील असं एखादं पुढचं तिकीट हाताशी असू द्या. बनावट तिकीट छापून नेऊ नका.

कोणत्या लसी?

यादी डॉक्टरांकडून घ्या आणि निघण्याआधी दोन महिने तरी जा, कारण काही लसींचे डोस अंतरानं घ्यावे लागतात. मार्गावर परिणाम करणारी लस एकच, पीतज्वराची (यलो फीव्हर). प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. काही देश ते सगळ्यांकडेच मागतात, पण बहुतेक ठिकाणी ते मागतात तुम्ही कुठून आलात यावर. ज्या देशात पीतज्वर मुळीच नाही, तोही ब्राझील किंवा केनियाहून येणाऱ्याकडे ते मागू शकतो. रेबीजची आधी घेतलेली लस कुत्रं चावल्यावरचे उपचार रद्द करत नाही. ते थोडे सोपे करते, एवढंच. पण दुर्गम भागात तेवढ्यानं फार फरक पडतो.

प्रवास विमा?

घ्याच. वर्षभराच्या साध्या पॉलिसीत प्रत्येक सफरीला कमाल दिवस ठरलेले असतात, बऱ्याचदा महिना-दीड महिना. तुमची सफर एकच आणि सलग असते, म्हणून लांब मुदतीची वेगळी पॉलिसी लागते. दुर्गम ठिकाणाहून उचलून रुग्णालयात नेण्याचा खर्च त्यात आहे ना, ते बघा. आणि बेटांवर भाड्याची स्कूटर घेताना थांबा: तुमच्या परवान्यावर दुचाकीचा वर्ग नसेल तर अपघाताचा दावा फेटाळला जातो. सोबत आंतरराष्ट्रीय परवाना हवा. काही देश १९४९ च्या करारातला मानतात, काही १९६८ च्या, तेव्हा कुठे कोणता ते पाहूनच काढा.

सामान किती?

१८८९ मध्ये नेली ब्लाय ही वार्ताहर एकटी न्यूयॉर्कहून निघाली आणि ७२ दिवसांत जगाला फेरी मारून आली. (दुसऱ्या नियतकालिकानं त्याच दिवशी एलिझाबेथ बिस्लंडला उलट दिशेनं धाडलं होतं. ती साडेचार दिवसांनी मागे पडली.) नेलीकडे सोळा इंच लांब, सात इंच रुंद अशी एकच हातपिशवी होती. तीत टोप्या, चपला, दौत, कागद, सुईदोरा आणि चेहऱ्याला लावायच्या क्रीमची एक बरणी. ती बरणी काही केल्या बसेना, पिशवी मिटू देईना, तरी तिनं सोडली नाही. प्रत्येकाच्या सामानात एक अशी बरणी असतेच, तेव्हा एकीला माफी. बाकी आठवड्याचे कपडे, कारण वर्षभर निघालात तरी धुणं आठवड्यालाच होतं. चाळीस लिटरची पाठपिशवी पुरते. थंडीचे जाड कपडे त्या त्या ठिकाणी विकत घ्या आणि पुढे देऊन टाका.

एकट्यानं जावं की कोणासोबत?

ज्याच्याबरोबर तुम्ही पंधरा दिवस एका खोलीत राहून अजून बोलताय, त्याच्यासोबत. नसेल तर एकट्यानं. आणि सोबत असलात तरी दर काही आठवड्यांनी दोघांनी दोन-तीन दिवस वेगळं फिरायची मुभा आधीच ठरवून ठेवा, भांडणानंतर ठरवली तर तिचा अर्थ वेगळा होतो. मुलं असतील तर वेग निम्मा करा आणि मुक्काम दुप्पट.

एवढं फिरून कंटाळा येत नाही का?

येतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बहुतेकांना येतो आणि कोणी सांगत नाही. अजून एक देऊळ, अजून एक धबधबा, नजर बोथट होते. त्यावर नवीन ठिकाण हा उपाय नव्हे. एखाद्या काहीच पाहण्यासारखं नसलेल्या गावात दोन आठवडे राहायचं, तिथल्या वाचनालयात बसायचं, रोज एकाच दुकानातून पाव घ्यायचा. बेत करतानाच मध्ये असे दोन आठवडे कोरे सोडा.

मी बहुधा कधीच जाणार नाही. तरी नकाशे बघत बसते. हा वेडेपणा आहे का?

नाही. २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये १,५३० प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुट्टीवर जाणारी माणसं न जाणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदी होती, पण जाण्याआधी. परतल्यावर बहुतेकांत आणि न गेलेल्यांत फरक उरला नव्हता. सुट्टी अगदी निवांत गेली होती तेवढ्यांचाच आनंद थोडा टिकला. म्हणजे वाट पाहण्यात मोठा हिस्सा आहे, आणि तो तुम्ही घेतच आहात. फक्त एक करा, नुसती चित्रं बघू नका, खरा बेत करा: बोट कोणत्या वारी सुटते, कोणत्या महिन्यात खिंड उघडते, कुठे कोणता व्हिसा लागतो. असा पक्का बेत दर वर्षी नव्यानं करणारी माणसं मला माहीत आहेत. त्यातली काही अचानक गेलीसुद्धा, कारण संधी आली तेव्हा बाकीच्यांसारखं त्यांना शून्यापासून सुरू करावं लागलं नाही.

निघण्याआधी घरी काय करून ठेवावं?

पारपत्र, व्हिसा, विमा यांच्या प्रती घरच्या एका माणसाकडे आणि एक संच ईमेलवर. बँकेच्या कामांसाठी कोणाला तरी मुखत्यारपत्र. दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं, वेगवेगळ्या खिशांत. आणि घरचा मोबाइल क्रमांक बंद करू नका. बँकेचे ओटीपी त्यावरच येतात आणि सहा महिन्यांनी कुठल्याशा बसस्थानकावर तिकीट काढताना तो क्रमांक दुसऱ्याच कोणाला दिला गेलाय हे कळलं, तर पैसे असून हात बांधलेले. सर्वांत स्वस्त योजनेवर तो चालू ठेवा, रोमिंगवर संदेश येतात की नाही हे सीमा ओलांडल्यावर पहिल्याच दिवशी तपासा, आणि रिचार्ज संपायची तारीख घरच्या कोणाला तरी कॅलेंडरवर लिहायला सांगा.